काळं झालंय, कमी नाही झालं

कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे. तो मीच पसरवला. वायफाय बंद पडलं की शेजारच्या विंगेतून मला बोलावणं येतं. मी जातो, राउटर बंद करून चालू करतो, चहा पितो आणि परत येतो. एवढ्या भांडवलावर मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माझी मिजास बरीच वर्षं टिकली. ती उतरली वहिनीच्या लॅपटॉपपायी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही सगळे एकाच घरात राहतो : आई, दादा, वहिनी आणि मी. स्टेशनपलीकडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा आहे, तिथे कारखान्यांना आणि पाण्याच्या पंपांना लागणारी विजेची पॅनल बनवतात. पॅनल म्हणजे माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, आणि आत शेकडो वायरी. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर छापलेली छोटी नळी. वहिनी तिथे वायरिंग करते आणि तयार पॅनल तपासते. तपासते ती, पण तपासल्याची सही दुसराच कुणीतरी करतो. कारण सही करायला सुपरवायझरचा परवाना लागतो आणि त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा तिला द्यायची होती.

आड येत होतं तिचं डोकं. तिला अर्धशिशी आहे. उजव्या भुवईपासून सुरू होते आणि मग अर्धा दिवस तिला उजेड म्हणून सहन होत नाही. खिडकीला चादर लावून ती भिंतीकडे तोंड करून पडते. आईला हे कधी पटलंच नाही. आई कोकणातली, गिरणीत राबणाऱ्या माणसाचा संसार तिने एका खोलीत रेटलेला. "आमच्या येळाक डोक्या दुखूक सवड खय होती गो?" असं ती चादर लावलेल्या खिडकीकडे बघून म्हणायची. मागच्या वेळी तर परीक्षेच्या दिवशी सकाळीच डोकं धरलं आणि ती जाऊच शकली नाही. तेव्हा दारात उभा राहून मी म्हणालो होतो, "परीक्षा आली की बरोबर दुखतं हं हिचं." गंमत म्हणून म्हणालो होतो. तिने ऐकलं होतं, हे मला नंतर कळलं.

या वेळी तिने पुन्हा फॉर्म भरला. सरावाच्या प्रश्नपत्रिका, शिकवणीचे व्हिडिओ, सगळं ऑनलाइन. मोबाइलवर पॅनलची आकृती बघायची म्हणजे डोळे फोडून घ्यायचे. म्हणून मी माझ्या ऑफिसातून बाद झालेला एक लॅपटॉप तिच्यासाठी घेऊन आलो. जुना होता, सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. मी त्यातली आधीची सिस्टिम काढून टाकली आणि लिनक्स टाकली. ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी अशी सिस्टिम. लॅपटॉप एकदम तरतरीत झाला. "बघ, झकास!" असं म्हणून मी तो वहिनीच्या पुढ्यात ठेवला.

तिने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. "उजेड कमी करा ना, भाऊजी."

मी उजेड कमी करायचं बटण दाबलं. पडद्यावर छोटी पट्टी उमटली आणि खाली खाली जात शून्यावर आली. उजेड मात्र होता तेवढाच. पुन्हा दाबलं. पट्टी शून्यावर आणि पडदा लख्ख.

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. पुढचे दोन रविवार त्यात गेले.

इंटरनेटवर अशा दुखण्यांचा तोटा नाही. लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानांवर शेकडो लोकांनी हीच तक्रार केलेली आणि शेकडो लोकांनी उपाय सांगितलेले. बहुतेकांचा सूर एकच : लॅपटॉप सुरू होताना सिस्टिमला एक ओळ वाचायला मिळते, त्या ओळीत अमुक शब्द घाला. ती ओळ एका फाईलमध्ये असते. मी फाईल उघडली, पहिला शब्द घातला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. फरक नाही. तो काढून दुसरा घातला. फरक नाही. असे पाच शब्द झाले. पाचव्यानंतर मी हात टेकले आणि एक सोपी पळवाट काढली. पडद्यावरचे रंगच गडद करणारी एक आज्ञा असते, ती दिली. पांढरं राखाडी झालं, राखाडी काळपट. मी विजयी मुद्रेने वहिनीला हाक मारली.

ती पाचेक मिनिटं बसली असेल. मग कपाळ दाबत म्हणाली, "काळं झालंय, भाऊजी. कमी नाही झालं."

"अगं, निम्म्यावर आणलंय! बघ ना!"

"दिसतंय काळं. पण मागून अजून तेवढंच येतंय."

मला राग आला. दोन रविवार घालवल्यावर वर हे ऐकायचं? मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे, आणि आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट आली. हिला अभ्यास करायचा नाही, एवढंच आहे. मी मोठ्याने काही बोललो नाही, पण वहिनी आमच्या मध्येच बसली होती. आमची तोंडं तिला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यातून आली, कपाट उघडलं आणि आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे बाहेर काढला. त्याची ती काळी फिल्म तिने चिमट्यांनी पडद्यावर टांगली आणि त्यातून प्रश्न वाचायला बसली. ट्रान्सफॉर्मरच्या प्रश्नांमधून आईच्या गुडघ्याची वाटी दिसत होती. आई हे बघून भडकली. "माझो पाय थंय कित्याक टांगलंस?" वहिनी म्हणाली, "तुमचा पाय आहे म्हणून दोन पानं तरी वाचून होतायत, आई." पण गुडघ्याच्या हाडावर येणारं अक्षर वाचता येईना, आणि तिसऱ्या दिवशी खिडकीला पुन्हा चादर लागली. परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

पुढच्या रविवारी सकाळी दादा कामावर गेल्यावर वहिनी वही आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. समोर म्हणजे पाठमोरी. तिची पाठ लॅपटॉपकडे आणि तोंड खिडकीकडे.

"मी बघू शकत नाही त्याच्याकडे. तुम्ही वाचा, मी लिहिते. पॅनल तपासतो तसं तपासू."

तिच्या गाळ्यातली एक रीत ती घरी कधीमधी सांगायची. पॅनल तपासताना दोन माणसं लागतात, वायरीच्या दोन टोकांना एकेक. एकाने नंबर पुकारायचा, "सतरा." दुसऱ्याने आपल्याकडची वायर धरून, नंबर वाचून म्हणायचं, "सतरा." मग वायर तीच असेल तर मीटर वाजतं. दुसऱ्याने नुसतं "हो" म्हटलेलं चालत नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "हो म्हणणारा माणूस न बघतासुद्धा हो म्हणतो."

"बटण राहू दे बाजूला," ती म्हणाली. "आधी दिवा कमी होतो का ते बघू. डायरेक्ट देऊन. पडद्याच्या उजेडाचा आकडा कुठे ठेवलेला असतो?"

हे मला माहीत होतं. लिनक्समध्ये असल्या गोष्टी साध्या फाईलींमध्ये असतात. मी जागा उघडली. "इथे दोन फोल्डर आहेत."

"एका दिव्याला दोन?"

मी थबकलो. दोन रविवार मी त्या दोन फोल्डरांकडे बघत होतो आणि दोन का, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"पहिल्यात आकडा काय?"

"शून्य. पंधरापैकी शून्य."

"पंधरापैकी शून्य," तिने म्हणत लिहिलं. "दुसऱ्यात?"

"नऊशे सदतीस."

"कितीपैकी?"

मी बघितलं, पुन्हा बघितलं. "नऊशे सदतीसपैकी."

"आता उजेड वाढवायचं बटण दाबा. कुठला हलतो?"

दाबलं. पहिल्या फोल्डरातला शून्याचा एक झाला, मग दोन. दुसरा जागचा हलला नाही. म्हणजे बटण भलत्याच आकड्याला जोडलं गेलं होतं. आणि पडद्यामागचा खरा दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण तेजाने पेटलेला होता. मी रंग गडद केले तेव्हाही. मी फक्त त्यावर काळपट कापड घातलं होतं, आणि मागून येणारा उजेड तिचं डोकं फोडत होता. ती जे म्हणाली होती ते अक्षर न अक्षर खरं होतं. कुठलंही मीटर न लावता, नुसत्या आपल्या दुखऱ्या भुवईवरून तिने सांगितलं होतं, आणि मी आईकडे बघितलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "तू त्या दिवशी म्हणालीस ना, मागून तेवढंच येतंय म्हणून..."

"नऊशे सदतीस," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. "त्याच्यात तीनशे टाकून बघा."

मी टाकले. पडदा झटकन मंद झाला. ती पाठमोरी असूनही तिला ते कळलं, भिंतीवरचा निळसर उजेड गेला म्हणून असेल. ती हळूच वळली, डोळे किलकिले केले, मग पूर्ण उघडले. कितीतरी दिवसांनी तिने त्या पडद्याकडे सरळ बघितलं. मला भयंकर लाज वाटली.

लाज लपवायला मी घाईने म्हणालो, "झालं तर मग! रोज सुरू केल्यावर ही एक ओळ टाईप केली की काम झालं."

"डोकं धरतं तेव्हा मला ओळ दिसत नाही, भाऊजी. डोळे मिटून हाताला लागेल असं बटण पाहिजे."

"पण बटणाचे उपाय सगळे करून झालेत. पाच शब्द. एकानेही फरक पडला नाही."

तिने वहीत तीन रकाने आखले. काय बदललं. पोहोचलं का. काय झालं. माझे पाचही शब्द तिने पहिल्या रकान्यात उतरवून घेतले, तिसऱ्यात पाच वेळा "फरक नाही" लिहिलं आणि मधल्या रकान्यावर पेन ठेवून थांबली.

"पोहोचलं का म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्ही फाईलमध्ये लिहिलंत. सुरू होताना मशीनने ते वाचलं का?"

"वाचणारच ना! फाईल त्याच्याचसाठी असते."

"कशावरून?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हिला आता हेही दाखवायचं? पण दाखवता येत होतं. या सिस्टिममध्ये एक जागा असते, तिथे मशीन आज कुठली ओळ वाचून सुरू झालं ते जसंच्या तसं लिहिलेलं असतं. मी तोऱ्यात ती ओळ उघडली आणि मोठ्याने वाचायला लागलो. पाचवा शब्द अजून फाईलमध्ये होता, तो यायला हवा होता. ओळ संपली. शब्द आला नाही.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

पुन्हा वाचली. पहिल्या दिवशी होती तीच ओळ, शब्दही इकडचा तिकडे नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ज्या फाईलमध्ये लिहीत होतो तो कच्चा खर्डा. त्यावरून पक्की यादी तयार करायला आणखी एक आज्ञा द्यावी लागते, आणि लॅपटॉप सुरू होताना वाचतो ती पक्की यादी. ती आज्ञा मला माहीत होती. "ती विसरू नकोस बरं का" असं मी स्वतः ऑफिसातल्या लोकांना बजावलेलं आहे. आणि घरी, घाईत आणि गुर्मीत, पाचही वेळा मी ती दिली नव्हती. मी पाच उपाय केले नव्हतेच. जुन्याच ओळीवर लॅपटॉप पाच वेळा सुरू करून पाच वेळा "फरक नाही" म्हणालो होतो.

मी कपाळाला हात लावला. आता ही हसणार, आणि हसावंच, असं मला वाटलं. ती हसली नाही. मधल्या रकान्यात तिने पाच वेळा "नाही" लिहिलं, पान उलटलं आणि म्हणाली, "चला. एक नंबरपासून."

एक नंबरचा शब्द, म्हणजे पहिल्या रविवारी मी पाच मिनिटांत मोडीत काढलेला. घातला. आज्ञा दिली. लॅपटॉप बंद करून सुरू केला. बटणाला हात लावायला गेलो तर ती म्हणाली, "आधी मधला रकाना." मी ओळ उघडून वाचली, आणि शेवटी तो शब्द आला. तिने तो माझ्यामागून म्हटला.

"फोल्डर किती?"

"एक."

भलत्या आकड्याचं फोल्डर गेलं होतं, खऱ्या दिव्याचं तेवढं उरलं होतं. "एक. आता दाबा."

दाबलं. उजेड एक पायरी उतरला. आणखी दाबलं, आणखी उतरला. मी ओरडलोच. आतून आई "काय झाला रे?" म्हणत धावत आली. वहिनीने मला बाजूला सारलं, खुर्चीवर बसली, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत ते बटण शोधलं. तीनदा चुकली. मग तिने सेलोटेपचा छोटा तुकडा त्या बटणावर चिकटवला, पुन्हा डोळे मिटले, आणि बोट सरळ तिथे गेलं.

मी तिच्याकडे बघत राहिलो. हिने आयुष्यात लिनक्स हा शब्द त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकला होता. पण अडलेली गोष्ट कुठल्या टोकाने धरायची हे तिला माहीत होतं, आणि मला नव्हतं. त्या सिस्टिमचंही मला त्या दिवशी खरं कौतुक वाटलं. तिने माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं. उजेडाचा आकडा उघडा होता, वाचलेली ओळ उघडी होती, विचारलं की सांगत होती. विचारायला मात्र वहिनी यावी लागली.

संध्याकाळी तिने मला त्या चर्चेच्या पानावर उत्तर लिहायला बसवलं. मी ऐटीत लिहिलं की अमुक लॅपटॉपवर अमुक शब्दाने काम होतं. तिने वाचायला लावलं आणि म्हणाली, "तुमची चूक कुठेय त्याच्यात? ती आधी लिहा. शब्द तर सगळ्यांना माहितीये." मी नाइलाजाने लिहिलं. दोन दिवसांनी कुठल्याशा लांबच्या माणसाने खाली लिहिलं, माझंही हेच राहिलं होतं, आभार. ते तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बघा!" आणि कणीक मळायला गेली.

दारातल्या त्या बोलण्याची माफी मी तिच्याकडे त्याच आठवड्यात मागितली. ती जिना उतरत होती, मी मागे होतो, तोंड समोर नव्हतं म्हणून जमलं. "मागच्या वेळी मी जे बोललो ते चुकलंच माझं," म्हणालो. ती दोन पायऱ्या तशीच उतरली. मग म्हणाली, "लागलं होतं ते, भाऊजी." एवढंच. मला वाटलं, ठीक आहे म्हणाली असती तर मी विसरूनही गेलो असतो.

उरलेले दिवस ती रोज गाळ्यातून आल्यावर बसायची. दादा भाकऱ्या थापायचा, त्या नकाशासारख्या व्हायच्या आणि आम्ही मुकाट खायचो. डोकं ठीक असेल तेव्हा उजेड तीन पायऱ्यांवर, भुवई ठणकायला लागली की एकावर. डोकं दुखायचं थांबलं नाही, पण दुखतानाही पान उलटता येत होतं. परीक्षेच्या दिवशी ती गॉगल लावून गेली आणि तो लावूनच परत आली. "पेपर लिहिला पूर्ण," म्हणाली आणि चादर लावून झोपली. आई त्या दिवशी काही बोलली नाही.

निकाल एका दुपारी लागला. वेबसाइटवर नुसती बैठक क्रमांकांची यादी. वहिनी लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती, एकटीच वाचत होती, आणि एका जागी तिचं बोट थांबलं. मी वाकून बघितलं आणि दादाला हाक मारली. तो आला, त्याने बघितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून गेला.

"माका बघूक दी," आई म्हणाली.

"आई, आहे नंबर. पास झाली," मी म्हणालो.

"तुझ्यार कोण इश्वास ठेवता? माका बघूक दी गो."

ती पलंगाच्या कडेला येऊन बसली, वहिनीचं हॉल तिकीट हातात घेऊन. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पडदा वहिनीच्या सवयीचा, एका पायरीवर. मी अक्षर मोठं करून दिलं. आई पडद्याला नाक लावून बघत राहिली. "काळोखच दिसता," म्हणाली.

वहिनीची सकाळपासून भुवई धरलेली होती, मला माहीत होतं. मी काही म्हणायच्या आत तिने उजेड वाढवायचं बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार. शेवटपर्यंत. पडदा लख्ख झाला. तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून आईच्या समोर धरला आणि स्वतःचं तोंड भिंतीकडे वळवून डोळे घट्ट मिटून घेतले.

आईने घाई केली नाही. हॉल तिकिटावरचा एक आकडा बघायची, मग काचेवर बोट ठेवून तोच आकडा यादीत बघायची, आणि मोठ्याने म्हणायची. एकेक करून तिने सगळे आकडे जुळवले. शेवटच्या आकड्यावर तिचं बोट बराच वेळ राहिलं. मग तिने मान वर केली. समोर वहिनीचा चेहरा नव्हता, भिंतीकडे वळलेली मान होती आणि लॅपटॉप धरलेले दोन हात होते. आई त्या हातांकडे बघत राहिली.

"गावलो नंबर," ती म्हणाली. "आता कमी कर गो तो उजेड. तुझा डोक्या दुखात."